सगळं मागच्या वेळेसारखं

प्रश्नावली विश्वसनीय ठरली. तसं पत्र आलं, त्यावर गोल शिक्का होता, मेट्रनबाईंनी ते सूचना फलकावर हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीशेजारी टाचणीने लावलं, आणि परिचारिकांचा निद्रानाश इथून पुढे याच प्रश्नांनी मोजावा, उत्तरं आज घ्या नाहीतर पंधरवड्याने घ्या, तीच येतील, असं त्यात म्हटलं होतं. पण हे अजून घडलेलं नाही. घडलेलंच नाही असं धरून चालायचं आहे. छत्रीसुद्धा अजून हरवलेली नाही. फलकावर ती जागा मोकळी आहे आणि थोरली सभागृहात तिसऱ्या रांगेत, खिडकीशेजारच्या खुर्चीवर, पेनचं टोपण दातांत धरून बसली आहे.

थोरली म्हणजे वयाने थोरली नव्हे. वॉर्डात एकाच नावाच्या दोघी आल्या तेव्हा नोकरीला आधी लागलेली ती थोरली आणि नंतर लागलेली ती धाकटी, असं ठरून गेलं. धाकटी तिच्यापेक्षा वयाने चांगली मोठी होती, गुडघ्यावर हात टेकत जिना चढायची, आणि नवा डॉक्टर दोघींना पहिल्यांदा भेटला की त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटे तो मिटवायची तसदी दोघींनी कधी घेतली नाही. त्या सकाळी नाइट संपवून दोघी सरळ सभागृहात आल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. पुढे टेबलापाशी तरुण संशोधक उभा होता. त्याला सगळ्याजणी पहिल्या दिवसापासून झोपवाले सर म्हणत होत्या आणि त्याने ते नाव निमूटपणे घेतलं होतं. प्रश्न तो स्वतः मोठ्याने वाचणार होता. कारण दुसऱ्या एका रुग्णालयात त्याने नुसते कागद वाटले, तर तो आपल्या जागेवर परत पोचायच्या आत सगळे भरून आले होते. परिचारिकेच्या हातात रकाने दिले की ती ते भरते. नाडी असो नाहीतर झोप. तर तो वाचू लागला, आणि बिचाऱ्याला सर्दीखोकला इतका झाला होता की दर प्रश्नानंतर थांबून, तोंडावर रुमाल धरून, मनसोक्त खोकून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न बाहेर पडत नव्हता. पहिला प्रश्न, गेल्या महिन्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला. खोकला. दुसरा, लागलेली झोप मधेच मोडते का. खोकला. तिसरा प्रश्न थोरलीने ऐकला. चौथ्याचं तिला नक्की सांगता येत नाही.

कुणीतरी कोपराने ढोसलं तेव्हा सभागृह अर्धं रिकामं झालं होतं आणि पेनचं टोपण तिच्या मांडीवर पडलं होतं.

"ए, ऊठ," धाकटी म्हणाली. "झोपेचा पेपर संपला."

"किती झाला?"

"सगळा. तुझाही."

"माझा कुणी भरला?"

"मी. तू गेलीस, मी हातात घेतला. ओव्हर न देता गेलीस ते सोड."

पाळी बदलताना आपल्या हातातलं काम पुढचीला समजावून सोपवायचं, याला त्या ओव्हर देणं म्हणत. अर्धी राहिलेली सलाइन, अर्धं राहिलेलं ड्रेसिंग, अर्धी राहिलेली समजूत, जे राहिलं ते पुढचीने पूर्ण करायचं, आणि कुणी केलं हे विचारायचं नाही. हे अंगात इतकं मुरलेलं होतं की शेजारणीचा निद्रानाश अर्धवट पडलेला पाहून धाकटीला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"काय लिहिलंस?"

"जे आहे ते. झोप लागत नाही, लागली तर टिकत नाही, दिवसा चुकून डुलकीसुद्धा येत नाही."

"अगं, मी आत्ता डुलकीच घेत होते."

"प्रश्न गेल्या महिन्याचा होता," धाकटी म्हणाली. "आत्ताचं त्यांनी विचारलंच नाही."

खरं होतं ते. कागदावर तीव्र निद्रानाश सिद्ध होत असताना थोरली त्याच कागदाशेजारी मान टाकून घोरत होती, आणि दोन्ही गोष्टींत चूक कुणाचीच नव्हती. घरी जाताना तिच्या अंगात एक अनोळखी हलकेपणा होता. डोळ्यांतली वाळू गेली होती. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या तिला एकेक अक्षराने वाचता येत होत्या, चपलांचा आवाज आपल्याच चपलांचा वाटत होता, आणि आपण झोपलो होतो, झोपलो होतो, असं ती मनाशी म्हणत होती, हरवलेली वस्तू अचानक खिशात सापडल्यावर माणूस ती पुन्हा पुन्हा चाचपतो तसं. अप्पा, म्हणजे तिचे वडील, गेल्यापासून ती अशी झोपली नव्हती. नाइट करून यायचं, पडदे ओढायचे, आडवं व्हायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठायचं. कशाने उठलो ते कळत नसे. आवाज नसायचा काही. उलट घर इतकं गप्प असे की भिंतीपलीकडच्या अप्पांच्या खोलीत धूळ बसतेय तीही ऐकू येईल. ती उठून जायची, दार ढकलायची, रिकामी कॉट बघायची, परत येऊन पडायची, आणि पुन्हा उठायची. भावाचा फोन आला की तो म्हणे, "खोली नुसती पडून आहे, एखादी भाडेकरू ठेव, सोबत होईल." ती म्हणे, "बघू." भाऊ दूर राहत होता आणि लांबून सगळ्या खोल्या रिकाम्याच दिसतात.

हे असंच चालू राहिलं असतं तर चाललं असतं. मनुष्य न झोपताही बरेच दिवस काढतो, पहिल्यांदा ते अवघड जातं, नंतर तो स्वभाव होतो. पण त्या सकाळच्या आधी काही दिवस वॉर्डात एक प्रकार घडला होता. गोळ्यांचा ट्रे घेऊन फिरताना थोरलीने एका पेशंटच्या तळहातावर गोळी ठेवली आणि ती पुढे जाणार तोच तो म्हातारा म्हणाला, "सिस्टर, माझी गुलाबी असते. ही पांढरी आहे." पांढरी पलीकडच्याची होती. म्हाताऱ्याने ती अगदी अदबीने परत केली, चुकून आलेलं टपाल शेजाऱ्याला देतात तशी. तोंडात गेली असती तर त्याचं हृदय संथ होता होता थांबलं असतं. थोरलीने स्वतःच जाऊन मेट्रनबाईंना सांगितलं. मेट्रनबाई बराच वेळ तिच्या डोळ्यांखाली बघत राहिल्या.

"तुला कोठीत पाठवू का?"

"कपड्यांच्या?"

"चादरी मोजायच्या. चादर चुकली तर कुणी मरत नाही."

"मॅडम, मी वॉर्डातली आहे."

"वॉर्डातली माणसं झोपतात, अगं. महिनाअखेरपर्यंत काय ते कर. नाहीतर मी करते."

तळघरात कोठी होती. तिथे एक जुन्या सिस्टर बसत, सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरात गेलेल्या, आणि आता त्या उशांच्या अभ्र्यांना कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घालत, डोकं वर न करता. थोरलीला त्यांची भीती वाटायची. त्यांना झोप यायची की नाही हे कुणी विचारत नव्हतं. म्हणजे प्रश्न असा होता की महिनाअखेरच्या आत झोपायला शिकायचं, नाहीतर खाली जायचं. आणि आता या सभागृहात, भर उजेडात, कडक पाठीच्या खुर्चीवर, झोपेची सगळी उत्तरं नकारार्थी देत असताना तिला झोप लागली होती. याचा अर्थ झोप कुठेतरी होती. ती तिथून उचलून घरी आणायची, एवढंच काम होतं.

तिने ठरवलं. थोरलीने एकदा ठरवलं की वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे वाटेतून बाजूला होत, कारण ती आवाज चढवत नसे, फक्त परत येत असे. सुरुवात तिने खुर्चीपासून केली. सभागृहाच्या रखवालदाराला म्हणाली, ती तिसऱ्या रांगेतली खुर्ची मला घरी न्यायची आहे. तो म्हणाला, कशाला. ती म्हणाली, बसायला. त्याने दार उघडून धरलं. खुर्ची घेऊन ती बसमध्ये चढली आणि सगळा रस्ता खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, कारण खुर्ची धरून बसता येत नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याने तिला वाकून विचारलं, "इथे कुणी बसलंय का?" ती म्हणाली, "नाही, बसा." तो बसला आणि आपल्या स्टॉपपर्यंत निवांत गेला. घरी तिने खुर्ची खिडकीशी तशीच तिरपी ठेवली, पडदे उघडे टाकले, पेनचं टोपण दातांत धरलं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता. एक बाई टोपली घेऊन वर गेली. तीच बाई खाली आली. थोरलीने तिला दिवसभर वर जाताना आणि खाली येताना पाहिलं आणि संध्याकाळी त्या बाईबद्दल तिला जितकं कळलं होतं तितकं स्वतःच्या वहिनीबद्दलही कळलं नव्हतं. झोप मात्र आली नाही. मग पंखा. सभागृहातला पंखा एका पात्याने किंचित वाकडा होता आणि फिरताना टिक टिक करे, म्हणून तिने घरच्या पंख्याच्या पात्याला चिकटपट्टीने कापसाचा बोळा बांधला. टिक टिक आली. झोप आली नाही. मग तिने गणवेश घालून बसून पाहिलं, मग गणवेशासकट न जेवता, कारण त्या सकाळी ती उपाशी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं कायम ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ताप कशाने चढतो ते शोधताना सगळ्या परिचारिका तेच करतात.

शेवटी प्रश्न उरले. झोपवाल्या सरांकडून तिने कोरा कागद मागून घेतला नाही, तसं चाललं नसतं. धाकटीला प्रश्न पाठ होते, दोनदा उत्तरं दिली होती तिने, एकदा स्वतःची आणि एकदा थोरलीची. धाकटी दुपारी घरी आली, थोरलीला खुर्चीत बसवलं, स्वतः कॉटच्या कडेवर बसली आणि सरांच्या थाटात म्हणू लागली, "गेल्या महिन्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला?" मग ती किंचित मागे रेलली. "लागलेली झोप," ती म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. थोरलीने वाट पाहिली. धाकटीचं तोंड उघडं पडलं होतं आणि तिच्या पोटावरचे हात लहान होडीसारखे वरखाली होत होते. थोरलीने तिच्या पायांवर चादर घातली, चपला जुळवून ठेवल्या, आणि पुन्हा खुर्चीत येऊन तिच्याकडे बघत बसली. तिला राग नाही आला. दुसऱ्याच्या झोपेवर नजर ठेवायची तिला आयुष्यभराची सवय होती, आणि त्या कामात ती तरबेज होती. फक्त हे काम तिच्यासाठी पलीकडून कुणी करत नव्हतं, असा एक विचार मनाच्या काठावर आला. तिने तो बाजूला सारला, कारण तो तपासून पाहता येण्यासारखा नव्हता. धाकटी उठली तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

"काय गं, लागली का?"

"लागली. तुला."

"मग प्रश्न चांगलेच आहेत म्हणायचे," धाकटी चपला शोधत म्हणाली.

दुसरी फेरी पंधरवड्याने झाली. महिनाअखेर जवळ आली होती आणि थोरलीने सगळी भिस्त या फेरीवर ठेवली होती. झोपवाल्या सरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की सगळं मागच्या वेळेसारखं हवं. तीच वेळ, त्याच जागा, तीच पेनं. ज्या नाइट करून आल्या होत्या त्यांनी नाइट करूनच यावं. प्रश्नावलीचं खरं खोटं यातूनच कळणार होतं. परिस्थिती बदलली नाही तर उत्तर बदलायचं कारण काय, असं ते म्हणाले, आणि ते इतकं साधं होतं की सगळ्याजणींनी माना हलवल्या. थोरलीने तर खुर्चीसुद्धा बसने परत आणली होती. सरांनी सदराही तोच घातला होता, खिशापाशी शाईचा डाग असलेला. पंखा टिकटिकत होता. ऊन त्याच कोनातून येऊन पुढच्या रांगेतल्या एकीच्या कानामागे पडलं होतं. थोरलीने टोपण दातांत धरलं, पाठ टेकली, आणि आपल्याला आता इथे सोपवून दिलं, असं मनाशी म्हणाली.

"गेल्या महिन्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला?"

आवाज स्वच्छ होता. काचेसारखा. मागच्या वेळी दोन प्रश्नांच्या मधे किती वेळ गेला होता ते सरांनी मोजून ठेवलं होतं, म्हणून प्रश्न संपल्यावर ते तितकाच वेळ थांबले. हातात रुमालही होता, घडी न मोडलेला. त्या थांबण्यात काहीच आलं नाही. दुसरा प्रश्न झाला, आणि पुन्हा तेवढंच थांबणं, त्यातही काही नाही. थोरलीच्या मानेवर काटा उभा राहिला. तिसऱ्या प्रश्नानंतर शांतता पडली तशी ती ताडकन उठून उभी राहिली, पाऊलही टाकलं, दाराच्या दिशेने नव्हे, डाव्या हाताच्या भिंतीकडे, जिथे घरी असतं तर अप्पांच्या खोलीचं दार लागलं असतं. "काय गं?" धाकटीने तिचा पदर ओढला. सगळ्या वळून बघत होत्या. सर म्हणाले, "काही अडचण आहे का, सिस्टर?" ती म्हणाली, "नाही." आणि खाली बसली. पण तिला कळलं होतं. सगळं त्या गप्प भिंतीतून एकदम घरंगळत आलं.

अप्पांची नोकरी आवाजाची होती. बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल आणि कुठली उशिरा येईल हे ते सांगत. मायक्रोफोनवर खोकायला सक्त मनाई होती. घशाशी आला की गिळायचा, गाडी फलाटाला लावायची, आणि मग बटण बंद करून बघावं तर खोकला निघून गेलेला असे, चुकलेल्या प्रवाशासारखा. निवृत्त झाल्यावर सांगायला गाड्या उरल्या नाहीत, आणि ते सगळे गिळलेले खोकले एकेक करून परत येऊ लागले. "नोकरीभर साठवलेत," ते म्हणायचे, "हेच आता पेन्शन." दोन लहान, एक मोठा, मग घसा खाकरून एक "हं", जणू पलीकडच्या फलाटावरच्या कुणाला विचारतायत, ऐकू येतंय ना. ती नाइटवरून येऊन आडवी व्हायची आणि भिंतीपलीकडे ते सुरू व्हायचं. डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं होतं, ते ती ड्यूटीवर निघतानाच त्यांना द्यायची. कारण कधी स्वतःला विचारलं नाही. एकदा झोपेतून दचकून उठून ती त्यांच्या खोलीत गेली होती. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"का उठलीस?"

"तुम्ही खोकला नाहीत."

"गोळी चघळत होतो घशाची."

"चघळू नका."

"बरं," ते म्हणाले होते, आणि गोळी कागदात परत गुंडाळून ठेवली होती, आणि ती पुन्हा जाऊन गाढ झोपली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी जागं होतं. घराची, तिची, सगळ्या जगाची ओव्हर त्याने घेतलेली होती आणि मधूनमधून तो तसं कळवत होता. एका दुपारी ती पुन्हा अशीच उठली, तशीच दार ढकलून आत गेली, आणि या वेळी गोळी नव्हती. वर्तमानपत्र छातीवर होतं आणि हलत नव्हतं. इतकंच. त्यानंतर शांतता झाली की ती उठायची. आणि घरात दुसरं काही उरलंच नव्हतं.

सर पुढचे प्रश्न वाचत होते. थोरलीने पेन उचललं आणि या वेळी एकही उत्तर दुसऱ्या कुणाला भरू दिलं नाही. धाकटीने सवयीने हात पुढे केला तेव्हा तिने कागद कोपराखाली दाबला. गेल्या महिन्यात दिवसा अनावर झोप आली का, याच्यापुढे तिने खूण केली: होय. खाली बारीक अक्षरात लिहिलं: एकदा, इथेच.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांना प्लास्टर घालायची जुनी खोली दिली होती. भिंतीवर पांढरे शिंतोडे होते आणि कोपऱ्यात कुणाचा तरी कापून काढलेला प्लास्टरचा पाय उभा होता, गुडघ्यापर्यंत, त्यावर शुभेच्छा लिहिलेल्या.

"बसा, सिस्टर. तुमचे दोन्ही कागद जुळत नाहीत."

"नाहीच जुळणार. त्यातला एक मी भरलाय."

"आणि दुसरा?"

"धाकटीने. मी झोपले होते."

सरांनी पेन खाली ठेवलं. "निद्रानाशाचे प्रश्न चालू असताना?"

"हो."

"हे कुठे लिहायचं आता?"

"त्याला जागा नाहीये. मी शोधली."

त्यांनी कपाळ चोळलं. वाईट माणूस नव्हता तो. टेबलावर त्याचा डबा होता, बाजूला एका बाईचा फोटो होता, बहुतेक आईचा. "बघा, बाकी सगळ्यांचं छान जुळतंय," तो म्हणाला. "तुमच्या एकटीमुळे आकडा खाली येतो. तुम्ही म्हणालात तर तुम्हाला पुन्हा एकदा भरू देता येईल. पहिल्यासारखं."

"एक विचारू? तुम्ही म्हणालात सगळं मागच्या वेळेसारखं हवं."

"ठेवलं होतं की. सदरासुद्धा. धुतला नाही मधे."

"मग खोकला का नाही आणलात?"

 मग नकळत त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. "मी वाफ घेत होतो," तो अपराध्यासारखा म्हणाला. "तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून."

"तिथेच चुकलं. खोकला होता तेव्हा मी झोपले. नव्हता तेव्हा जागी. तुमच्याच नियमाने सांगतेय. मला वॉर्डात राहायचं असेल तर झोपायला हवं, आणि झोपायचं तर तो खोकला हवा. जरा खोकून दाखवता?"

त्याने दाराकडे पाहिलं, मग खोकला. सभेत लक्ष वेधून घ्यायला खोकतात तसा.

"हा वरवरचा आहे," थोरली म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली. "ताठ बसा. मोठा श्वास घ्या. धरा. आता सोडा, आणि खालून आणा." त्याने खालून आणायचा प्रयत्न केला. "दोन लहान, मग मोठा." त्याने दोन लहान केले, मग मोठा, मग खरोखरच ठसका लागून त्याचे डोळे पाण्याने भरले. थोरलीने उठून त्याला पाणी दिलं आणि पाठीवर हात फिरवला, सवयीने, दोन्ही खांद्यांच्या मधे, वरून खाली.

"जमतंय का?" तो धापा टाकत म्हणाला.

"नाही. तुम्हाला बरं वाटतंय ना, तेच नडतंय."

"रेकॉर्ड करून दिला तर? म्हणजे पुढे कधी झाला, तर?"

यावर तिने खरोखर विचार केला. डोळे मिटून ऐकून पाहिलं: यंत्रातून येणारा खोकला, दोन लहान, एक मोठा, तोच, तसाच, कितीही वेळा. त्याच्यामागे कुणी नव्हतं. "नको," ती म्हणाली. "यंत्र जागं नसतं. जागा माणूस हवा."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग विचारलं, "कुणाचा होता तसा?"

"होता एकाचा."

"माझी आई म्हणते, हवा बदलली की मला हमखास होतो."

"कधी बदलते?"

"तोवर मी इथे नसेन, सिस्टर. हे झालं की मला जायचंय." त्याने तिचे दोन्ही कागद उचलले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. "तुम्हाला वगळावं लागेल."

"वगळा. पण खोटं जुळवून नको."

"नाही जुळवत."

"आणि सूचना असल्यास लिहाव्यात असं शेवटी छापलंय, त्याला दोनच ओळी सोडल्यात. मला पुरवणी द्या."

त्याने तिला एक कोरा कागद दिला. ती तिथेच, प्लास्टरच्या पायाशेजारी बसून लिहू लागली. वॉर्डातल्या नोंदीसारखं, खाडाखोड न करता. लिहिताना तिला मधेच जाणवलं की तो पलीकडे काम करतोय, कागद उलटतोय, आणि मधूनच घसा खाकरतोय, मघाच्या ठसक्याने खवखवत असणार. तिचं पेन जरा वेळ थांबलं. पापण्या जड झाल्या. मग तिने मान झटकली, कारण अर्ज अर्धा टाकला तर तो पूर्ण करायला इथे धाकटी नव्हती.

पुढे पत्र आलं, गोल शिक्क्याचं, छत्री हरवली, प्रश्नावली विश्वसनीय ठरली, आणि तळाशी बारीक अक्षरात "एक सहभागी वगळून" असं होतं. मेट्रनबाईंनी ते फलकावर लावलं त्याच दिवशी थोरलीला कोठीत हजर होण्याचा कागद मिळाला. तिने त्याची पोच दिली आणि आपल्या अर्जाची प्रत फलकावर, पत्राच्या अगदी खाली, स्वतःच्या टाचणीने लावली. कुणी काढली की ती दुसरी लावत असे. प्रत अशी:

"विषय: तिसरी फेरी घेण्याबाबत. महोदय, वरील प्रश्नावलीच्या दुसऱ्या फेरीत परिस्थिती पहिल्या फेरीप्रमाणे ठेवण्यात आली नव्हती, सबब ती फेरी ग्राह्य धरू नये. तिसरी फेरी त्याच सभागृहात, त्याच वेळी घेण्यात यावी, व त्या वेळी संशोधकांना खोकला असावा. खोकला नैसर्गिक असावा. औषध, वाफ अथवा चघळायची गोळी देण्यात येऊ नये. अर्जदार झोपल्यास तिला उठवू नये व तिचा कागद अन्य कुणी भरू नये. निकाल लागेपर्यंत अर्जदारास वॉर्डातच ठेवण्यात यावे. संशोधक उपलब्ध नसल्यास, आस्थापनेने दिवसपाळीसाठी एक जागा मंजूर करून तीवर अशी व्यक्ती नेमावी जी अर्जदाराच्या घरी भिंतीपलीकडच्या खोलीत बसून जागी राहील, आणि खोकला येत नसेल तर निदान मधूनमधून 'हं' असं म्हणेल. खोली रिकामी आहे. कळावे."